किती विटांवरून उठता?

मायनं विहारात जाणं सोडलं, त्याला तिचे गुडघे कारण आहेत असं मी चार महिने सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण मी होतो.

अनसिंगच्या जवळच आमचं गाव. दर पौर्णिमेला विहारात वंदना होते आणि तिची सुरुवात माय करते. पहिली ओळ तिची, मग बाकीच्यांची. वय अठ्ठ्याहत्तर, पण बाहेर मोटारसायकल लावणारा माणूसही तिचा आवाज ऐकून घाईघाईनं चपला काढतो. एका पौर्णिमेला वंदना संपली, सगळे उठले आणि मायला काही उठता येईना. सतरंजीवर एक हात टेकून ती जोर लावून पाहत होती. मी बस डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. काही अडकलेलं दिसलं की माझे हात माझंसुद्धा ऐकत नाहीत. मागून गेलो, तिच्या काखेत हात घातले आणि पोतं उचलावं तशी उचलून उभी केली. वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माय, आता पुरे. पुढच्या वेळेपासून घरीच म्हण." आपण आईची किती काळजी घेतो, या समाधानात मी घरी आलो.

त्यानंतर ती गेलीच नाही. विहारात मागच्या भिंतीशी म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. तिथं बस म्हणालो तर म्हणते, "बुद्धासमोर टांगा हालवत बसू? मले नाई जमत." हळूहळू ओट्यावर येणं कमी झालं, मग जेवण कमी झालं, मग बोलणं. उपकेंद्रातल्या नर्सबाई बीपी पाहायला आल्या तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आजींना असं बसवून ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत त्या खाटेवरूनही उठणार नाहीत."

मग मी कामाला लागलो. कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, लोखंड मला कळतं! फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून एक बैठक तयार केली. जाड अँगल, वर फोम, त्यावर हिरवं रेक्झिन, समोर धरायला पाइप. वजन एवढं की उचलायला दोन गडी लागावेत. आणि माझी अक्कल पाहा, पाठीवर पिवळ्या रंगानं, सुबक अक्षरात लिहिलं: ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव. बत्तीस वर्षं बसच्या सीटांवर तेच वाचत आलो होतो, हाताला दुसरं सुचलंच नाही.

अंगणात बैठक मांडली आणि गल्लीतल्या बायकांना बोलावलं. चहा झाला, कौतुक झालं, बसलं कोणीच नाही. प्रत्येकीनं दुसरीला पुढं केलं. शेजारची काकू विहिरीजवळच्या वावरात मेथी-सांभार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, पिकवते आणि अजूनही स्वतः बाजारात नेऊन विकते. तिनं ती अक्षरं बोटानं लावून वाचली आणि म्हणाली, "मावशी, तुमीच बसा. मी तं अजून वावरात गवत निंदाले जातो." मायनं बैठकीकडे एकदा पाहिलं नि आत निघून गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी मेहनत केली अन् यांना नखरे सुचतात, असं मी बोललोसुद्धा.

काकूनं मला तिथंच झापलं. "तुले कोनं सांगतलं बसाचं दुखनं हाये म्हनून? बसता सगळ्यायले येते, भाऊ. उठाचं जीवावर येते. अन् मावशीचे गुडघे नाई दुखून राह्यले. तू तिले सगळ्यायसमोर पोत्यावानी उचललं, ते दुखून राह्यलं."

तोंड लपवायला बैठकीचे नटबोल्ट तपासत बसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला माझीच फार लाज वाटली.

पुढची युक्ती नर्सबाईंची. त्यांनी आमच्या भिंतीशी विटा रचल्या, वर फळी ठेवली आणि एकेकीला बसवून, कोणाचाही हात न धरता उठायला लावलं. जितक्या कमी विटांवरून उठता येईल तेवढा तिचा नंबर. काकूचा दोन. पलीकडच्या घरातल्या एकीचा तीन, पण ती भांडून अडीच सांगायची. हे ऐकून माय बाहेर आली, कारण भांडण तिला कधीच चुकवता येत नाही. ती पाच विटांवरून उठली. कपाळाला घाम आला होता, पण उठली. नर्सबाईंनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ दहा वेळा बसायचं-उठायचं, पाय मागं घ्यायचे, नाक पुढं काढायचं, आणि सोपं वाटू लागलं की एक वीट कमी करायची.

गल्लीत नवाच विषय झाला. कशी आहेस, असं कोणी विचारेना. सकाळी पाण्याच्या वेळेला एकच प्रश्न, "कितीवर आली?" ज्या माझ्या मायला ओट्यावर आणायला विनवण्या कराव्या लागायच्या, ती आता काकूच्या आधी विटांवर जाऊन बसू लागली.

बैठकही पुन्हा केली, पण या वेळी मी तोंड बंद ठेवलं आणि फक्त वेल्डिंग केलं. अँगल काढून हलका पाइप घेतला आणि उंची जिच्या-तिच्या विटांच्या नंबराएवढी ठेवली. काकूनं ती आधी वावरात नेऊन पाहिली आणि संध्याकाळी चिखलानं माखलेली परत आणली. पाणी दिलेल्या ओलितात बैठकीचे पाय रुततात म्हणाली, म्हणून खाली चपट्या पट्ट्या जोडल्या. खुरपं उजव्या हातात असतं, तेव्हा धरायचा दांडा डावीकडे पाहिजे, हेही तिचंच. मायला दांडा समोर नको होता. "बुद्धाच्या अन् माह्या मधात लोखंड कायले?" तिला तो उजवीकडे हवा होता. शेवटी दोन्ही बाजूंना नळ्या जोडल्या आणि दांडा हवा तिकडे अडकवता येईल असा सुटा ठेवला. डेपोत मला इतक्या चुका कोणी काढून दाखवल्या नव्हत्या, आणि इतकं चांगलं कामही माझ्या हातून झालं नव्हतं. अक्षरं अर्थातच लिहिली नाहीत. आता अशा सहा बैठका गावात फिरतात, तीन वावरात आणि तीन घरात.

मायचा नंबर तीनवर आला तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "येत्या पौर्णिमेले जातो." तीन विटांची बैठक म्हणजे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. ती पुढच्या ओळीत, नेहमीच्या जागी बसली आणि शेजारणींपेक्षा फार उंच दिसलीसुद्धा नाही. तिनं पहिली ओळ म्हटली. चार महिन्यांनी तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. सुख वाटलं, एवढंच.

वंदना संपली. लोक उठू लागले आणि तिच्याकडे पाहून थबकले. मी बरोबर तिच्या मागं बसलो होतो. माझे हात निघालेच होते, ते मी मांड्यांखाली घालून दाबून धरले. मायनं दांडा धरला. पाय मागं घेतले, नाक पुढं काढलं. अर्ध्यात एकदा थांबली. मग ती सरळ उभी राहिली, पदर सारखा केला आणि मागं वळली.

"काहून बसला? ऊठ. लोकं जाऊन राह्यले."

दाबून बसल्यानं माझ्या हातापायांना मुंग्या आल्या होत्या. मला उठता येईना. तिनं हात पुढं केला, पण मला लावला नाही. मध्येच थांबून विचारलं, "हात देऊ का?"

मी तिला हे विचारलंच नव्हतं.

"दे," मी म्हणालो.