खोका न नेलेलं वर्ष

लीड्सच्या हॉस्पिटलात मी वॉर्ड सिस्टर होते तेव्हा, नव्वदच्या सुमारास, माझ्या हाताखाली एक फिलिपिनो ऑक्झिलरी, म्हणजे मदतनीस, होती. तिच्या देशात ती शिकलेली नर्स. इथे मात्र पेशंटना आंघोळ घालणं आणि बेडपॅन उचलणंच तिच्या वाट्याला आलं होतं. तिच्या खोलीत दाराआड कमरेएवढा पुठ्ठ्याचा खोका कायम उघडा असे. साबण, टूथपेस्ट, टॉवेल, डब्यातलं मांस, चॉकलेटं असं काही ना काही त्यात पडत राहायचं. दर दोन वर्षांनी आधी खोका बोटीने गावी जायचा आणि मागून ही.

'पासालुबोंग' हा तिचा शब्द. मी म्हटलं, म्हणजे आमचा खाऊ. पण आमचा खाऊ पोरांच्या हातावर ठेवला की संपतो. हिचा खाऊ अख्ख्या गल्लीला, चर्चच्या पाद्र्याला, कधी न पाहिलेल्या चुलतभावाच्या बायकोलाही. मागच्या खेपेला एका मामीने तिच्या पायातले बूट मागून घेतले आणि ही ऐन जानेवारीत रबरी चपलांवर लीड्सला उतरली. हे ती हसत सांगायची. मला किळस यायची. मागणाऱ्यांची जास्त, पण देणारीचीही.

त्या वर्षी तिला इथल्या रजिस्टर्ड नर्सच्या कोर्सला जागा मिळाली. पूर्ण वेळ अभ्यास, एक्स्ट्रा शिफ्ट बंद. म्हणजे खोकाही बंद.

"बेचाळिशीत ही संधी पुन्हा येणार नाही," मी बजावलं. "आत्ताच गावी जाऊन ये. एकच बॅग ने आणि तोंडावर सांग, आता मी शिकणार आहे."

"रिकाम्या हाताने, सिस्टर?"

"रिकाम्या कशाला? आईला एक स्वेटर ने."

"तिकडे छत्तीस डिग्री असतं."

"मग छत्री ने."

ती हसली आणि खरंच एक बॅग घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी ती माझ्या ऑफिसात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. गावात पोचली त्याच दिवशी बातमी पसरली होती, की हिला तिकडून काढून टाकलं. खोका आला नाही म्हणजे नोकरी गेली, याखेरीज दुसरा अर्थ त्या गावाला ठाऊकच नव्हता. ही कोर्सचं पत्र दाखवत फिरली, तर लोकांना हिची जास्तच कीव आली. ज्यांना हिने दहा वर्षं साबण पुरवला, त्याच बायका हिच्या आईकडे तांदूळ घेऊन आल्या. चांगल्या मनाने आल्या, असं ती दोनदा म्हणाली. आईने तांदूळ घेतले आणि त्या रविवारपासून चर्चला जाणं सोडलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"खोका मागून येतोय म्हटलं. ऑगस्टात. नेहमीपेक्षा मोठा."

"आणि कोर्स?"

"एक पाठवला की पुढचाही पाठवावा लागणार."

तिने टेबलावर फॉर्म ठेवला. जागा नाकारण्याचा. त्यावर माझी सही लागत होती.

मी तिला बरंच बोलले. "अख्खं गाव तुझ्या जिवावर दात घासतंय आणि तू त्यांच्या अब्रूला जपतेस."

"त्यांच्या नाही, आईच्या," ती म्हणाली. "तुम्ही पुण्याला जाताना काय नेता, सिस्टर?"

दोन बॅगा भरून नेत होते. परफ्यूम हुंगून 'मागचा बरा होता' म्हणणाऱ्या जावेसाठीसुद्धा नेत होते. पण ते मी तिला सांगितलं नाही. माझं शिक्षण केव्हाच झालं होतं. माझं त्यात काही जात नव्हतं.

फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तिने 'आईची तब्येत' लिहिलं होतं. कारण खोटं आहे म्हणून मी सही अडवू शकले असते. अडवली नाही. जागा दुसऱ्या वॉर्डातल्या एका मुलीला गेली. ऑगस्टपर्यंत ही जवळजवळ रोज ड्यूटी संपल्यावर दुसऱ्या शिफ्टला थांबत होती, आणि रोस्टरवर तिचं नाव मीच घालत होते, कारण माझ्याकडे माणसं कमी होती.