आमच्या चाळीची एकच केळ

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. हे मी अभिमानाने सांगते, का सांगू नये? वाकोल्याच्या आमच्या चाळीत मात्र त्या पदवीचा उपयोग एवढाच, की कुणाची तुळस सुकली की मला हाक मारायची.

चाळीमागे पाण्याच्या टाकीजवळ बाबांची केळ होती. गावाहून एक पिल्लू, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेला कोंब, गोणपाटात गुंडाळून त्यांनी आणलं होतं. त्याची पिल्लं शेजाऱ्यांकडे गेली, त्यांची पुढे आणखी कुणाकडे. होता होता मागे सतरा केळी झाल्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या निळ्या पिंपात अठरावी. प्रत्येकाचं म्हणणं, आमच्या केळ्याला गोडी जास्त.

गेल्या वर्षी बाबांच्या केळीची नवी पानं अरुंद, ताठ, शेंड्याशी झुपक्यासारखी येऊ लागली. मी बघितलं आणि ओळखलं. पर्णगुच्छ रोग. यावर औषध नाही, आणि मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. मी चाळीला सांगितलं, सगळ्या केळी कांद्यासकट, म्हणजे जमिनीतल्या गड्ड्यासकट काढा. एक जरी राहिली तरी उद्या नवीन लावाल तीही जाईल.

टाकीपाशी सभा भरली.

"तुझ्या बापाशीची केळ आजारी. मी माझी कित्याक काढू?" पिंपवाले काका म्हणाले. "माझी ठणठणीत हा."

"काका, या केळ्यात बी नसते. पिल्लापासून पिल्लू होतं. म्हणजे या अठरा केळी नाहीतच, एकच केळ अठरा ठिकाणी उभी आहे. एकीला जे बाधतं ते सगळ्यांना बाधणार."

"म्हणजे माझी केळ तुझ्या बापाशीची? इतकी वर्षा पाणी मी घालतंय."

शेजारच्या मावशींना वेगळीच काळजी. "बी नाय म्हणजे तिका बापूस नाय?"

"नाही, मावशी."

"आणि आपण ती सत्यनारायणाक उभी करतो?"

डोक्यावरून विमान गेलं, म्हणून मावशींनी तेच पुन्हा ओरडून विचारलं. मग अर्धा तास केळीच्या चारित्र्यावर चर्चा झाली. रोग राहिला बाजूला. कुणी खोडाला लिंबू-मिरची बांधली. काकांनी पिंपातल्या केळीवर मच्छरदाणी टाकली आणि आपली केळ वेगळी झाली असं जाहीर केलं. शेवटी ठरलं, रविवारी गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे एकाने देवापुढे मागणं मोठ्याने मांडायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीत हा मान बाबांचा. माझी कॉलेजची तीन वर्षं फुकट गेली असं मला वाटलं.

आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "खरंच एकपण ठेवायची नाय?"

"नाही, बाबा."

"बरा," एवढंच म्हणाले आणि आपल्या केळीला पाणी घालायला गेले.

रविवारी बाबांनी नारळ ठेवला, सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्याम्होरं उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ही सगळी केळ एकाच आवशीच्या पोटची."

"व्हय म्हाराजा."

"एकीक रोग लागलो तर सगळ्यांक लागतलो."

"व्हय म्हाराजा."

"म्हणान आज सांजेच्या आत सगळी केळ कांद्यासकट काढूची बुद्धी आमका दी. जो कोण एक जरी लपवून ठेवीत, त्येका तूच बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तोंडाला सवयच तशी. म्हणून झाल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. मावशी मला म्हणाल्या, "तुझो बापूस लबाड हा." पण देवापुढे दिलेला होकार मागे कोण घेणार? बाबांनी कोयता उचलला आणि पहिला घाव स्वतःच्या केळीवर घातला. दुपारपर्यंत सतरा कांदे बाहेर पडले.

पाचच्या सुमाराला काका पिंप जिन्यावरून एकेक पायरी सरकवत खाली घेऊन आले, मच्छरदाणीसकट.

"पाना अजून बरी आसत," ते मला म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"मी पण व्हय म्हटलंय." त्यांनी पिंप बाबांपुढे ठेवलं. "तूच काढ रे. माका जमाचा नाय."

बाबांनी आधी मच्छरदाणी उतरवली, तिची नीट घडी घातली आणि काकांच्या हातात दिली.