आमच्या दारात नातं काढू नका

सगळं मीच ओढवून घेतलं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तरी करणार आहे.

हे निवृत्त झाले ते सरकारी हिशेबतपासणीतून. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतलेला माणूस. निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या आमच्या ब्लॉकमध्ये बसून माझ्या चुका काढायला लागले, तेही फुकट. एक दिवस तुरीच्या डाळीच्या डब्यावर त्यांनी तारीख घातलेली चिठ्ठी डकवली, तेव्हा मी ठरवलं, ह्या माणसाला कामाला लावल्याशिवाय माझं काही खरं नाही.

नेमकी त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. आमच्या बाजूच्याच एका पालिकेला 'वरिष्ठ दक्षता अधिकारी' हवा होता. पालिकेचं नाव लिहीत नाही. आपापल्या गावची धरावी, चालून जाईल. निवृत्त, अनुभवी माणूस, कंत्राटी नेमणूक. काम काय, तर पालिकेतल्याच भ्रष्टाचाराची चौकशी. लोकांनी मोर्चे काढून काढून ते पद मंजूर करून घेतलं होतं. मी जाहिरात कापली आणि ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली.

मुलाखतीत म्हणे त्यांना एकच गोष्ट फार आवडली. हे साताऱ्याकडचे, म्हणजे इथं ना गाव, ना भाऊबंद. कुणाच्या ओळखीत नाहीत, कुणाच्या देण्याघेण्यात नाहीत. आता, बायको ह्याच पट्ट्यातल्या आगरी घरातली आहे आणि निम्म्या गावांत तिचे पाव्हणे आहेत, हे लिहायला अर्जात रकानाच नव्हता. रकाना असता तर ह्यांनी भरला असता. रकाना दिसला की हे भरतातच.

रुजू झाल्यावर जी कामं चौकशीला आली त्यांत पदपथाचे ब्लॉक होते, गटारं होती, दिवाबत्ती होती, आणि एक शाळा होती. ती शाळा माझी. माझ्या माहेरच्या गावात, आणि मी तिथं बावीस वर्षं शिकवलं. जुनी कौलारू इमारत पाडून नवी बांधली, तिला तीन वर्षं होतात न होतात तोच तिसरीच्या वर्गातलं छताचं सिमेंट खाली आलं. रविवार होता म्हणून कुणाच्या डोक्यात पडलं नाही. तिसरीची पोरं तेव्हापासून देवळाच्या सभामंडपात बसतात, आणि देवळात कुणाचं लग्न निघालं की घरी जातात. बाकीचे दोन वर्ग मात्र अजून त्याच छताखाली भरतात. मुख्याध्यापिकेनं दुरुस्ती मागितली तर लेखी उत्तर आलं, की चौकशी पूर्ण झाल्याशिवाय इमारतीला हात लावता येणार नाही. आणि चौकशी करणारे हे. रोज सकाळी शाळेची घंटा व्हायच्या वेळेला मी घड्याळाकडे बघत बसायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नेरे घ्या, ओवे घ्या, विचुंबे घ्या, कुठल्याही गावात दोन अनोळखी माणसं भेटली की आधी नातं काढतात. तुमी कुनाच्या, मामाचं गाव कुठलं, मावशी कुठं दिली? चार प्रश्नांत नातं निघतंच. नाही निघालं तर माणसं कावरीबावरी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

पहिला आला तो ब्लॉकवाला ठेकेदार. हातात पेढ्याचा पुडासुद्धा नाही, म्हणून मला माणूस सज्जन वाटला. त्यानं माझं माहेर विचारलं. मी सांगितलं. म्हणाला, "म्हंजे तुमची चुलती विचुंब्याची." मी म्हटलं, हो की, आणि तिचा धाकटा भाऊ म्हणजे... असं करत करत मीच पाच मिनिटांत शोधून काढलं, की हा माझा लांबचा मामेभाऊ लागतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला पोहे खायला घातले. आतल्या खोलीत हे कपाटातून एक कागद काढून लिहीत होते.

तो कागद म्हणजे नातेसंबंधाचं घोषणापत्र. नियम असा, की ज्या प्रकरणात अधिकाऱ्याचा नातेवाईक असेल ते प्रकरण त्यानं हाताळायचं नाही, दुसऱ्या दक्षता अधिकाऱ्याकडे द्यायचं. नियम उत्तम आहे. फक्त दुसरा दक्षता अधिकारी नाही. ते पद रिकामं आहे, आणि भरायची कुणाला घाई नाही. तोपर्यंत फाईल पालिकेच्या लोखंडी कपाटात राहते.

ही गोष्ट पालिकेत कळायला कितीसा वेळ लागणार? दिवाबत्तीवाला आला, त्याची आत्या आमच्या गावात दिलेली. गटारवाला सहकुटुंब आला. त्याची बायको माझ्या वहिनीची मावसबहीण. सगळ्या ठेकेदारांना एकाएकी माझ्या माहेरची माया आली. हळदीची आमंत्रणं यायला लागली, बारशाची यायला लागली. आणि प्रत्येक वेळी मी मूर्खासारखी चहा टाकायची आणि नातं काढून द्यायची, कारण समोरचा अडला की मला राहवत नाही. हे आतून कागद घेऊन यायचे.

एकदा मी भांडले. म्हटलं, "सख्खं, चुलत इथपर्यंत समजू शकते. चुलतीच्या मामेभावाचा साडू हा कुठला नातेवाईक?"

"नियमात नातेवाईक असं आहे. किती लांबचा ते लिहिलेलं नाही," हे म्हणाले. "आणि तू त्याला माझ्यासमोर दादा म्हणालीस."

सरळ माणसाशी संसार केलेल्या बाईलाच माझं दुःख कळेल. लाच खाणारा नवरा निदान घरी येताना काहीतरी घेऊन येतो.

पण त्या रात्री, खरं सांगते, लाज वाटली ती माझी मला. ठेकेदारांनी ह्यांना काही दिलं नव्हतं. नातं दिलं होतं ते मी, आणि त्यापायी फाईली कपाटात गेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड शिवलं. कुणी माहेर विचारलं की म्हणायची, आठवत नाही. गावात व्हायचा तो बोभाटा झाला, साहेबाची बायको झाली आणि माणसं विसरली. होऊ दे, म्हटलं. शाळेची फाईल तरी ह्यांच्याकडे होती. शाळा बांधणारा शेठ पार दुसऱ्या राज्यातून आलेला. त्याचं नि माझं नातं काढायला गेले असते तर थेट आदिमानवापर्यंत जावं लागलं असतं. ह्यांनी छताचा तुकडा काढून तपासायची तारीखही ठरवली.

त्या तारखेच्या आठवडाभर आधी माझा धाकटा भाऊ आला. पांढरा शर्ट, पांढरे बूट, हातात पेढे.

माझ्या भावाबद्दल सांगते. जमीन संपादनात गेली तेव्हा तो तिशीत होता. मग टेम्पो घेतला, तो चालला नाही. मग बांधकामाच्या फळ्या भाड्यानं द्यायचा. त्याच्या बरोबरीचे लोक बिल्डर झाले, हा त्यांच्या साइटवर फळ्या पोचवत राहिला. वाईट माणूस नाही. कुणी कधी विचारात घेतलं नाही, एवढंच.

"बाय, तोंड गोड कर," तो म्हणाला. "शेठनी मला पार्टनर घेतला."

त्यानं खिशातून कार्ड काढलं. शेठच्या नावाखाली त्याचं नाव, सोनेरी अक्षरांत. मला क्षणभर फार बरं वाटलं, हे लपवत नाही. मग मी विचारलं, "कुठल्या शेठनी?"

तो सांगायच्या आतच मला कळलं होतं. आत कपाट उघडल्याचा आवाज आला.

तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आधी जाऊन तुकडा काढा, मग लिहा काय लिहायचं ते."

"त्या तपासणीला मग काही किंमत राहणार नाही," हे म्हणाले. "शेठचा वकील पहिल्याच दिवशी सांगेल, मेव्हण्याच्या कंपनीची तपासणी भावोजींनी केली. प्रकरण कायमचं गेलं." मग म्हणाले, "सोमवारी सकाळी देतो कागद. सोमवारपर्यंत थांबतो." अडतीस वर्षांत ह्यांनी दिलेली ही पहिली सवलत.

शनिवारी मी भावाला बोलावून घेतलं. भागीदारी सोडत असल्याचा कागद ओळखीच्या वकिलाकडून करून आणला होता. त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. चौकशी थांबते कशी, फाईल जाते कुठं, आणि पोरं बसतात कशाखाली.

"शाला शेठ परत बांधणार हाय. बोललाय तो मला," भाऊ म्हणाला.

"कधी?"

त्यानं कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "तुला काय म्हायत्ये, बाय? जमीन गेली तवापासून मला कोन बोलवत नव्हतं. आता लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतान. पोरगा माझ्याशी नीट बोलतो."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचाही राग आला, शेठचाही आला, आणि सगळ्यात जास्त आला तो ह्या अशा नियमाचा, ज्यात चोर सुखात राहतो आणि बहीणभावानं एकमेकांचं काळीज काढायचं.

त्यानं पेन उचललं, पण सही केली नाही. म्हणाला, "एक सांग. खरं सांग. मी तुझा भाऊ नसतो, तर शेठनी मला घेतला असता?"

बावीस वर्षं मी शाळेतल्या पोरांच्या आईबापांना सांगत आले होते, पोरगा हुशार आहे, फक्त लक्ष कमी आहे. गोड बोलणं मला येतं. तेव्हाही काहीतरी सुचलं असतं. पण मी गोड बोलले असते तर त्यानं सही केली नसती.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "कार्डं पाचशे छापलीत. ती काय करू?" उत्तराला तो थांबला नाही.

सोमवारचा कागद ह्यांना द्यावाच लागला नाही, आणि ठरल्या तारखेला ह्यांनी छताचे तुकडे काढून नेले. ते हातानं चुरता येत होते म्हणे. दोन्ही वर्ग त्याच दिवशी बंद झाले. आता सगळी शाळा देवळात भरते, दाटीवाटीनं, पण डोक्यावर काही पडायचं भय नाही. प्रकरण पुढं चाललंय, शेठला नोटीस गेली आहे. हे खूश आहेत. भाऊबीजेला भाऊ आला नाही, फोन केला तर उचलला नाही.

मागच्या महिन्यात गावात एका हळदीला गेले होते. बायकांच्या पंगतीत बसले होते आणि भाऊ वाढत होता. माझ्या शेजारी नेऱ्याची एक म्हातारी होती. रीतीप्रमाणे तिनं माझ्याकडे बोट करून त्याला विचारलं, "ही तुझी कोन?"

त्यानं माझ्या पानात भात वाढला. "कोन नाय," म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे गेला.