खंडेनवमीला बंद राहिलेलं यंत्र

बुधवार पेठेतल्या बाप्पासमोर माझ्या थोरल्या भावाने दारू सोडण्याची शपथ चार वेळा घेतली आणि चारही वेळा मी शेजारी हात जोडून उभी होते. पाचव्या वेळी मी गेलेच नाही. दादाचं यकृत खराब झालं होतं, दारूची ओढ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी तो जिभेखाली लपवून कुंडीत थुंकायचा, आणि माझा देवावर राग होता, हे कबूल करते.

तरी एक आशा होती, आणि ती माझ्याच हातात आहे असं मला वाटायचं. वारज्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दंडाच्या त्वचेखाली बसवायची औषधाची काडी तयार करत होतो. एकदा बसवली की सहा महिने औषध थोडं थोडं अंगात उतरणार आणि दारूची ओढ कमी होणार. रोजची गोळी नाही, रोजची शपथ नाही. काड्या शरीराइतक्या कोमट पाण्यात ठेवून रोज किती औषध सुटतं ते आम्ही मोजायचो. पाच महिने आकडे अगदी शहाण्यासारखे येत होते. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी दादाने रुग्णालयात नावही दिलं होतं.

देवावर राग असला तरी खंडेनवमीला यंत्राची पूजा चुकवायची नाही, ही आमच्या घरची सवय. पाणी कोमट ठेवणारं ते यंत्र मी ओल्या फडक्याने पुसलं. शॉक बसू नये म्हणून आधी प्लग काढला. मग हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि कोथरूडला घरी आले. दसऱ्याची सुट्टी संपवून परत गेले, यंत्राला हात लावला, तर ते गार. प्लग माळेखाली तसाच लोंबत होता.

प्रयोगशाळेत अजून कुणी आलं नव्हतं. प्लग लावला असता तर तासाभरात पाणी कोमट झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. सांगितलं तर पाच महिन्यांची मेहनत वाया, चाचणी लांबणीवर, आणि दादाकडे तेवढा वेळ होता कुठे? हात प्लगकडे गेलाही. पण मीच लावलेलं कुंकू समोर होतं. त्याच्यासमोर खोटं वागायला मन धजेना. "मला नाही जमत, आता तूच बघ," एवढंच मनात म्हटलं आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना फोन केला.

सर आले, माळेकडे बघत राहिले. "अहो मॅडम, एवढी साग्रसंगीत पूजा केलीत, तर जाताना प्लग लावायचं देवालाच सांगायचं होतं." मला रडूच फुटलं. तेव्हा जरा मऊ होऊन म्हणाले, "चूक वहीत लिहा, पाणी तापवा आणि उद्या मोजा. वाया गेलंच आहे, तर काय होतं ते तरी बघू."

दुसऱ्या दिवशीचा आकडा मी तीनदा तपासला. महिनाभरात सुटायचं ते औषध एका दिवसात बाहेर आलं होतं. गार होऊन पुन्हा तापताना काडीच्या वरच्या थराला बारीक चिरा गेल्या होत्या.

"गार पाण्याने अंघोळ करणारी माणसं असतात हो," सर हळू आवाजात म्हणाले. "दंड गारठतो. आपण हे कधी तपासलंच नाही."

दादा बारा महिने गार पाण्यानेच अंघोळ करतो. त्याच्या त्या यकृतात एका दिवसात महिन्याचं औषध गेलं असतं, आणि ती काडी माझ्या हातची असती.

हा कृपेचा हात की माझा वेंधळेपणा, याचा वाद मी घालत नाही. बाप्पासमोर जाऊन मात्र आले. या वेळी मागितलं काहीच नाही, नुसतं डोकं टेकवलं.

काडी आता लवकर मिळणार नाही, हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तोवर गोळी तुझ्यासमोर घेतो."

त्या दिवसापासून रोज सकाळी तो गोळी गिळतो आणि जीभ उचलून मला दाखवतो. मी नीट बघते. उद्याचं मला माहीत नाही. आजची गोळी पोटात गेली आहे.