वडगावात एकही मूल चालत नाही

वडगावात कुणाची सून रुसली, कुणाच्या यंत्रमागाचा पट्टा तुटला आणि कुणाच्या घरी पाहुणे न सांगता आले, हे कळायला हवं असेल तर एकच ठिकाण: जयाबाईंची स्कूटर. ती एका दारातून हलली की तिथली बातमी दुसऱ्या दारात पोचायला चहा उकळण्याइतका वेळ पुरे. अशा बाईला लहान मुलांच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं पगार देऊन घरोघर पाठवावं! नशीब लागतं हो.

काम सोपं होतं. दर तीन महिन्यांनी चाळीस घरं. बाळाचं वजन करायचं, उंची मोजायची आणि टॅबवरचे प्रश्न विचारायचे. बाळ आधाराशिवाय चालतं का? चमच्यानं खातं का? दोन शब्द जोडून बोलतं का? संस्थेच्या बंगळूरच्या राघवेंद्र सरांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "घरचे सांगतील तेच नोंदवायचं. आपली अक्कल घालायची नाही." जयाबाईंनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट शिस्तीनं पाळली, आणि तीच अंगाशी आली.

कारण वर्षअखेरीस हिशेब लागला तो असा, की वडगावातली चाळीसपैकी एकतीस मुलं दीड वर्षाची होऊनही चालत नाहीत, बोलत नाहीत, चमचा धरत नाहीत. वजनं मात्र झकास! सरांनी आधी मागांच्या खडखडाटाला दोष दिला. मग टॅबवर 'नाही, नाही, नाही' अशी सरळ रांग पाहून त्यांचा मोहरा जयाबाईंकडे वळला. बाईंनी घरी बसूनच बोटं मारली असणार.

"उद्या डॉक्टर चिन्मयी येऊन तपासतील," सर फोनवर म्हणाले. "नोंदी खोट्या निघाल्या तर काम बंद."

पगार गेला असता तर जयाबाई काही उपाशी राहणार नव्हत्या. पण 'खोटारडी' हा शब्द वडगावात पोचला तर? आजवर बातम्या वाटल्या, आता स्वतःच बातमी व्हायचं! त्या दिवशी त्यांनी कुणाकडे चहासुद्धा घेतला नाही. यावरून काय ते समजा.

चिन्मयी जवळच्याच टिळकवाडीची, वयानं लहान, बोलायला गोड. जयाबाईंनी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट अंबुबाईंचं दार गाठलं. अंबुबाईंचा मुलगा युवराज आतल्या खोलीत माग चालवतो. त्याची मुलगी आरोही दीड वर्षाची. गालावर बोराएवढी काजळाची तीट, मनगटात काळा दोरा.

"आरोही आधाराशिवाय चालते का?" चिन्मयीनं विचारलं.

"न्हाय बाई. कुठली चालतीया," अंबुबाई म्हणाल्या.

तेवढ्यात हातात सुताची कांडी घेऊन एक पोर दोघींच्या मधून तीरासारखं पळालं.

"ही कोण?"

"हीच की आरोही."

"अहो, मग चालते ना!"

"ह्याला काय चालणं म्हंत्यात व्हय? सारखी पडती."

"बरं, बोलते का?"

"कसलं आलंय बोलणं. मुकीच हाय जणू."

"आज्जी, कांडी पल्ली!" मुकी अंगणातून ओरडली.

जयाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या चिन्मयीच्या कानाशी लागल्या, "मॅडम, कुठली आज्जी आपल्या तोंडानं म्हणंल, व्हय, आमची पोर लई हुशार? दृष्ट लागंल की! तुम्ही नुसता टॅब धरा. मी विचारते." आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काय आक्का, त्रास लई देत असंल न्हाय आरोही?"

मग काय विचारता! अंबुबाईंनी पदर खोचला.

"त्रास? काय सांगू जया! घटकाभर बूड टेकत न्हाय. काल एकटीच पायऱ्या उतरून पलीकडच्या भरमाच्या घरात गेलती. चमचा घेऊन साखरेचा डबा मोकळा केला. डब्यावर डबं रचती आन् पाडती. युवराज म्होरं बसलेला असतोय, तरी फोन कानाला लावून 'हॅलो पप्पा, ये' म्हणती. शेजारची कन्नड बाई आली की 'बा, कूत्को' म्हणून तिच्या भाषेत बसवून घेती. दोन दोन भाषांत डोकं खाती गं!"

चिन्मयीची बोटं टॅबवर पळत होती. होय, होय, होय.

संध्याकाळपर्यंत अकरा घरं झाली. दहा घरांत तक्रारींचा पाऊस. गुंडूच्या घरी मात्र आजी म्हणाली, "आमचा लई गुणाचा. बसवला तिथं बसतोय. कायबी त्रास न्हाय." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चिन्मयी बराच वेळ त्या पोराजवळ बसली, आणि सोमवारी त्याला तपासायला आणायचं ठरवूनच उठली.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. पलीकडं सर एवढ्या मोठ्यानं बोलत होते, की जयाबाईंना कान लावायची तसदीही घ्यावी लागली नाही.

"म्हणजे नोंदी खोट्या?"

"खऱ्या आहेत सर. त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय. आपला प्रश्न चुकला. यापुढं 'बाळाला काय येतं' विचारायचं नाही. 'काय त्रास देतं' विचारायचं."

"हं. आणि त्या बाई कशा आहेत?"

चिन्मयीनं जयाबाईंकडे पाहिलं. "त्यांचं काय सांगू सर! फार त्रास देतात. एका जागी बसत नाहीत, कुणाच्याही घरात शिरतात, बोलायला लागल्या की थांबत नाहीत."

इकडं जयाबाई स्कूटरच्या आरशात बघत स्वतःच्याच कानशिलांवर कडाकडा बोटं मोडत होत्या.