दगड हुंगणारे आण्णा

दगड दिसला की आमचे शेजारी आण्णा आधी तो हातोडीने फोडत आणि मग नाकाला लावत. आपण फुलाचा वास घेतो, फार तर आंब्याचा. हा गृहस्थ दगडाचा घेई. जोतिबाच्या डोंगरावर एकदा त्यांनी वाटेतच हा उद्योग मांडला, तेव्हा एक नारळवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "पावणं, ह्यांचं डोस्कं ठीक हाय न्हवं?" मी हो म्हणालो खरा, पण माझी तरी कुठे खात्री होती!

आण्णा भूगर्भशास्त्र शिकलेले. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते आसामात तेलविहिरींवर होते, पुढे सरकारी नोकरीत गुजरातेत गेले. जमिनीखाली खनिज तेल कुठे असेल ते सांगायचं, हे त्यांचं काम; फोडलेल्या दगडाला तेलाचा वास येतो का बघायची सवय तिथलीच. "पण कळतं कसं?" मी विचारी. "कळत न्हाय की, मास्तर. अंदाज करायचा, भोक पाडायचं, चुकलं की पुढं सरकायचं." याचा पगार मिळतो, हे मला शाळामास्तराला काही केल्या उमगेना. आम्ही चुकलेलं गणित फळ्यावरून पुसून टाकतो. हे कोरड्या गेलेल्या विहिरींबद्दल चहा पिताना रंगून बोलत.

सुट्टीत ते घरी आले की लोकही येत. एकदा हातकणंगल्याकडचा एक शेतकरी कळशीभर पाणी घेऊन आला. पाण्यावर रंगीत तवंग होता आणि गड्याच्या डोळ्यांत मोटारगाडी. आण्णांनी तवंगात काडी फिरवली. तवंगाचे तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले. "तेल असतं तर पुन्यांदा जुळलं असतं. हे लोखंड हाय, पाण्यातलं." शेतकरी चिडला. "न्हाय म्हणायला एवढं शिकलासा व्हय?" आण्णा मनापासून हसले. म्हणाले, "व्हय की. न्हाय म्हणायलाच जास्त शिकावं लागतं."

मला खरी काळजी वाटे ती आव्वांची, म्हणजे त्यांच्या आईची. घर जैन, गावाकडे उसाचं गुऱ्हाळ, घरात गुळाच्या ढेपा रचलेल्या. आण्णा गुजरातेत गेले तेव्हा आव्वांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन देवासमोर नियम घेतला: पोराच्या हातनं तेल लागेपर्यंत गूळ खायचा नाही. ज्या बाईची भाकरी गुळाशिवाय घशाखाली उतरत नसे, ती आता चटणीशी खाऊ लागली. वर्षं गेली. विहिरी कोरड्या जात राहिल्या. आण्णा दर वेळी उत्साहाने सांगत, आणि आव्वा पुन्हा चटणी वाटायला बसत.

मग एकदा आण्णा आले ते अंगणातूनच ओरडत. "लागलं, मास्तर! तेल लागलं!" हातात छोटी बाटली, आत काळंशार काहीतरी. आव्वांनी ती हुंगली, नाक मुरडलं, आणि लगबगीने जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या. तोंडापाशी नेता नेता थांबल्या.

"तू सांगितलेल्या जागंलाच लागलं न्हवं?"

मी आव्वांच्या मागून आण्णांना खुणावत होतो, व्हय म्हणा, व्हय म्हणा. आण्णांनी बाटली उजेडात धरली.

"न्हाय, आव्वा. तितं खणू नका असं मीच म्हटलंतं. माझं चुकलं, म्हणून तर लागलं!"

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला होता. मला राग आला, हसूही आलं. नेमकं काय वाटावं तेच कळेना. आव्वांना तरी कुठे कळत होतं? त्या खड्याकडे बघत होत्या, पोराकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "खोटं बोलला न्हाईस, बरं झालं." आणि खडा डब्यात ठेवून आल्या.

आव्वा गेल्या त्या गुळाविनाच. आण्णा दिवसकार्याला आले होते. परत जायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे टेकले, आणि आमच्या मंडळींनी रीतीप्रमाणे गूळ-पाणी पुढे केलं. त्यांनी नुसतं पाणी घेतलं.

"अहो आण्णा, नियम आव्वांचा होता. आता कुणासाठी?" मी म्हणालो.

त्यांनी गुळाचा खडा उचलला, दगड हुंगत तसा हुंगला, आणि परत वाटीत ठेवला.

"बघू या, मास्तर," ते म्हणाले. "आणखी एक विहीर चालू हाय."