गळतीच्या जागी शून्य

तो गॅस चोरीला गेलाच नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पुण्यातल्या मोठ्या इमारतींचं उत्सर्जन मोजणं हे माझं काम. काचेची एखादी उंच इमारत वर्षभरात किती वीज ओढते, जनरेटरला किती डिझेल लागतं, एसीच्या यंत्रांतून किती गॅस निसटतो, हे गोळा करायचं आणि त्यापायी हवेचं किती नुकसान झालं त्याचा आकडा काढायचा. एसीचा गॅस डोळ्याला दिसत नाही, पण हवा तापवण्यात तो धुराच्या कितीतरी पुढं. तो निसटला हे धरायची साधी रीत अशी, की यंत्रात नव्यानं जेवढा भरावा लागला, तेवढा आधीचा हवेत गेला.

अशाच एका इमारतीत माझा धाकटा चुलतभाऊ एसीची यंत्रं सांभाळायचा. ईट या आमच्या गावाहून मीच त्याला नेऊन तिथं चिकटवलं होतं. एका उन्हाळ्यात तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि पाइपाच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून दाखवलं. बुडबुडे आले.

"दादा, ह्यो लई दिसांचा गळतोय. भरतो, जातो. भरतो, जातो. साहेबाला बोललो तर म्हणत्यात, पुढच्या वर्षी बघू."

मी मान डोलावली.

त्याच वर्षी इमारतीला पर्यावरणपूरक असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. मॅनेजर चहा पाजत म्हणाले, "सगळं छान आलंय, तेवढा गॅसचा आकडा खटकतोय." बस, एवढंच. दम दिला नाही, काही देऊही केलं नाही. मीच खोलीवर येऊन गळतीच्या जागी शून्य टाकलं. हवेत गेलेल्या गॅसला कोण विचारतंय, असं वाटलं होतं. प्रमाणपत्र मिळालं आणि खाली दर्शनी भिंतीवर लागलं.

पण मालकांच्या ऑफिसातल्या लोकांनी पुढं खरेदी तपासली. गॅसचे सिलिंडर तर बरेच आलेले, आणि माझ्या अहवालात गळती काहीच नाही. मग सिलिंडर गेले कुठं? मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. गळका सांधा त्यांनाही ठाऊक होता. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिलो. सामानाच्या खोलीची किल्ली भावाकडं असायची, म्हणून चोरीचा आळ त्याच्यावर आला. पोलिसांत देत नाही, पण उद्यापासून येऊ नको, असं त्याला सांगितलं गेलं.

पार्किंगमध्ये त्यानं मला गाठलं. "दादा, तुमाला तर म्या गच्चीवर दाखिवलं हुतं न्हवं?"

"बघतो मी. जरा थंड होऊ दे," मी म्हणालो.

गावात त्याच्याआधी बातमी पोचली. त्यानं ईटमध्ये फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक यायचं, पण बाहेरच्या बाकावरून कुणीतरी टाकायचंच, "फ्रीज ठिव बाबा, पण गॅस मोजून ठिव." सगळे हसायचे. सुरुवातीला तोही हसायचा.

शेवटी त्याच्या आईनं, माझ्या काकूनं, ठरवलं की सोनारीला जाऊन काळभैरवनाथासमोर शपथ घ्यायची. भावकीतली माणसं जीप करून निघाली. मला मुद्दाम पुण्याहून बोलावलं. मी शिकलेला, त्यातून त्याच इमारतीत जाणारा-येणारा. देवळाबाहेर माकडानं काकूच्या पिशवीतला नारळ पळवला, तो तिला अपशकुन वाटला, दुसरा आणावा लागला. आत भावानं उंबऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्या एक बी सिलिंडर इकलेला न्हाय."

काकू माझ्याकडं वळली. "आता तू सांग की रं. तू तिथंच हुतास."

भावानं उंबऱ्यावरचा हात उचलला नव्हता.

"त्यानं शपथ घेतली ना काकू," मी म्हणालो. "आणखी काय पाहिजे?"

परतताना जीपमध्ये भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. हळू बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरचं झाकलंस. देवाम्होरं खोटं बी बोलला न्हाईस. शाना हाईस." आमच्याकडं शिकलेला माणूस गप्प बसला की तो घराची अब्रू राखतोय असंच धरतात. शपथेनं जे धुवायचं होतं, ते माझ्या गप्प बसण्यानं पक्कं झालं. भाऊ पुढच्या सीटवर होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दुकान बंद पडलं. आता तो आमच्याकडच्याच वाशीच्या बाजारात हमाली करतो. त्याची पाठ गेली आहे, हे मला काकूकडून कळतं. भेटला की "दादा, कवा आलाव?" एवढं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही.

मी आता पुण्याला अधूनमधून जातो, पण बहुतेक काम ईटला घरी बसूनच करतो. पुण्यातल्या इमारतींचे आकडे लॅपटॉपवर येतात. त्या इमारतीचे पुढचे आकडे त्या वर्षाशी ताडून पाहतात, म्हणून ते शून्य मला दरवर्षी सांभाळावं लागतं. सांधा अजून गळतोच; फक्त गॅस आता देखभालीच्या कंत्राटातच भरला जातो, त्याची वेगळी खरेदी दिसत नाही. खरा आकडा टाकला तर गळती एकाएकी वाढलेली दिसेल, आणि कुणीतरी मागचं उकरेल. तेवढ्या भीतीनं मी अजून ते तसंच ठेवलंय.

नावं गाळून लिहिलेल्या या मजकुरानं त्याचं काहीच भरून निघत नाही, हे मला कळतं. तो चोर नाही, खोटा आकडा मी लिहिला, हे त्याच भावकीत, त्याच्या देखत, माझ्या तोंडानं सांगणं अजून माझ्याकडं बाकी आहे.